पेशवा म्हणजे राजा नव्हे

‘पेशवे हे पुण्याचे राजे’ असं अजूनही सर्रास बोललं जातं. काहींना तर पेशवे हे मुळात आडनावच वाटतं. दोन्ही चूक.

शब्द फारसी. ‘पेश’ म्हणजे पुढे. ‘अर्ज पेश केला’ यातला तोच. पेशवा म्हणजे पुढे असणारा, अग्रणी. दख्खनच्या सुलतानांकडे हे पद आधीपासून होतं. निजामशाहीचा कारभार हाकणारा हबशी मलिक अंबर हाही पेशवाच! शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकावेळी फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले. मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान झाले, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ भट यांना हे पद दिलं, पुढे ते त्याच घराण्यात वंशपरंपरेनं चाललं. आडनाव मात्र भटच. सत्ता पुण्याला आली हे खरं, पण शिक्का बघा: आधी ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’, मग बाजीराव बल्लाळ, शेवटी प्रधान. पेशवाईची वस्त्रं यायची छत्रपतींकडूनच. १७७४ मध्ये अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठीसुद्धा ती साताऱ्याहून पुरंदरावर आणवावी लागली.