टेक्सास चेनसॉ मॅसॅकर : रक्त कमी, घामच जास्त

या हॉरर पिक्चरचं नाव काढलं की लोकांना रक्ताचे पाट आठवतात, पण परत बघा, रक्त फारसं नाहीच आहे. डायरेक्टर टोबी हूपरला पीजी रेटिंग, म्हणजे मुलांनाही बघता येईल असं, हवं होतं, म्हणून त्याने बरंचसं नुसतं सुचवून सोडलं. शेवटी मिळालं मोठ्यांसाठीचं आरच, ते सोडा.

चेनसॉची, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या करवतीची, आयडिया त्याला ख्रिसमसच्या गर्दीत सुचली, दुकानात हार्डवेअरच्या सेक्शनमधे अडकला होता, समोर चेनसॉ टांगलेले, आणि मनात आलं की यातला एक चालू केला तर वाट पटकन मोकळी होईल. बाकी मसाला विस्कॉन्सिनच्या एड गीनचा, 1957 ला पकडला गेलेला, माणसाच्या कातडीचे मुखवटे करणारा. पण तो टेक्सासचा नव्हता आणि चेनसॉ तर त्याने वापरलाच नव्हता, त्यामुळे ‘सत्यघटना’ वगैरे जे सांगितलं जातं ती शुद्ध थाप.

शूटिंग 1973 च्या उन्हाळ्यात, टेक्सासमधल्या राऊंड रॉकजवळच्या एका जुन्या घरात, 16 एमएमवर, बजेट दीड लाख डॉलरच्या आत. जेवणाच्या टेबलाचा तो सीन सलग चोवीस तासांहून जास्त चालला, खिडक्या काळ्या कापडाने बंद, वर लाईट, टेबलावर सडत चाललेलं मांस आणि खरी हाडं, लोकं मधेच बाहेर जाऊन उलट्या करून परत येत होती. लेदरफेस, म्हणजे कातडीचा मुखवटा घातलेला चेनसॉवाला खुनी, झालेल्या गनर हॅन्सनकडे कपड्यांचा एकच जोड, रंग जाईल म्हणून तो महिनाभर धुतलाच नाही, जेवायला त्याच्या शेजारी कोण बसणार! त्याच सीनमधे नकली रक्ताची नळी तुंबली म्हणून हिरॉईन मॅरिलिन बर्न्सचं बोट खरंच कापलं. तिच्या डोळ्यात जे दिसतं ना, त्यात ॲक्टिंग किती आणि वैताग किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

1974 ला रिलीज झाला, तुफान चालला, पण कलाकारांना वाटा दिला होता तो अशा कंपनीतला जिच्या मालकीचा अर्धाच पिक्चर होता, त्यात वितरकाने पैसे दाबले, हातात आली चिल्लर. ब्रिटनच्या सेन्सॉरने कात्री लावून बघितली पण कापणार काय, भीती सगळी वातावरणात, शेवटी सरळ सर्टिफिकेटच नाकारलं ते 1999 पर्यंत. बंदी म्हटल्यावर कॅसेटवर लोकांनी शोधून शोधून बघितलाच, आणि इकडे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने संग्रहात पण घेतला.

ते घर नंतर उचलून किंग्जलंडला नेलं, तिथे आता रेस्टॉरंट आहे. बॅस्ट्रॉपजवळच्या पेट्रोलपंपावर फॅन लोक मुक्कामाला जातात. तिथे बार्बेक्यू मिळतं. पिक्चरमधे त्या पंपावर कसलं मांस भाजत होते (माणसाचं!) हे माहीत असूनही लाईन लावून खातात.