रिपोर्ट नॉर्मल, तरी माणूस अंथरुणात

चिकुनगुन्या, डेंगू किंवा कोविड उतरून सहा महिने झाले, तरी काही जण उठू शकत नाहीत. जळगाव-धुळ्याकडे अशा माणसाला घरातच ऐकावं लागतं, ‘तुले काही व्हयेल नही.’ रक्त, थायरॉइड, सगळं नॉर्मल ना! पण या तपासण्या मेंदूतल्या प्रतिकारपेशींपर्यंत पोहोचतच नाहीत.

झोपूनही न जाणारा थकवा देणारा आणि थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी पार झोपवणारा हा आजार म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतात त्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या याच प्रतिकारपेशी. गर्भात अस्थिमज्जा तयार होण्याआधीच या पेशी पीतककोशातून, म्हणजे गर्भाला सुरुवातीला जोडलेल्या पिशवीतून, निघून मेंदूत येतात आणि तिथल्याच होऊन जातात. एरवी त्यांचे बारीक फाटे आजूबाजूच्या चेतापेशी सतत चाचपत असतात. शरीरात संसर्ग झाला की प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. त्याची वर्दी रक्तातून आणि व्हेगस चेतेतून (छाती-पोटातल्या अवयवांना मेंदूशी जोडणाऱ्या नसेतून) मेंदूला लागते. मायक्रोग्लिया सक्रिय होऊन स्वतःही सायटोकाइन सोडतात, आणि मेंदू हुकूम काढतो: पडून राहा, खाऊ नको, कुणात मिसळू नको. तापात आपण निपचित पडतो ते यामुळे. संसर्ग गेला की हा हुकूम मागे घेतला जातो. काही जणांत तो मागे घेतलाच जात नसावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

तपासायचं कसं? सक्रिय मायक्रोग्लियांच्या मायटोकॉन्ड्रियावर (पेशीतल्या ऊर्जाघरांवर) टीएसपीओ हे प्रथिन वाढतं. त्याला चिकटणारा किरणोत्सारी रेणू शिरेतून देऊन, तो मेंदूत कुठे साठला हे दाखवणारा पेट (PET) स्कॅन करतात. 2014 साली जपानी संशोधकांनी 9 रुग्ण आणि 10 निरोगी माणसांची अशी तुलना केली. रुग्णांच्या थॅलॅमस, मध्यमेंदू, हिप्पोकॅम्पस या भागांत संकेत जास्त आढळला. नंतरच्या एका डच अभ्यासात मात्र तसा फरक दिसला नाही. शिवाय टीएसपीओ इतर पेशींतही असतं. म्हणून ‘कारण सापडलं’ अशा मथळ्यांनी हुरळू नये. उपचारांतही असाच भ्रमनिरास झाला: बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्रतिकारपेशी) नष्ट करणारं रिटुक्सिमॅब हे औषध नॉर्वेत 151 रुग्णांच्या चाचणीत निष्प्रभ ठरलं, तो निकाल 2019 चा.

भगताचा उतारा आणि ‘ताकदीचं सलाईन’, दोन्हींत पैसा जातो, आजार तिथेच राहतो. ‘शेतात फेऱ्या मार, अंग मोकळं होईल’ हा सल्ला तर घातक ठरू शकतो. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2021 मध्ये, ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं ‘थकवा’ म्हणू नका; कोणत्या दिवशी काय काम केलं आणि त्यानंतर किती दिवस उठता आलं नाही, ते लिहून न्या.