आर ०.९९ आला, पण आकडे जुळले का?

कोथरूडच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) १.१, आठवड्याने टिळक रस्त्यावरच्या लॅबमध्ये १.३. दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवून काका विचारत होते, "मॅडम, किडनी बिघडत चाललीय का हो?" मी खालची बारीक अक्षरं वाचली. पहिल्यावर एन्झायमॅटिक, दुसऱ्यावर जाफे, म्हणजे क्रिएटिनिन मोजायच्या दोन वेगळ्या पद्धती.

जाफे पद्धत १८८६ची. अल्कलीतलं पिक्रिक आम्लाचं पिवळं द्रावण क्रिएटिनिन मिसळलं की केशरी-लाल होतं. पण थोडाफार तोच रंग ग्लुकोज, कीटोन आणि प्रथिनांमुळेही येतो, म्हणून आकडा बऱ्याचदा चढा लागतो. एन्झायमॅटिकमध्ये ही भेसळ बरीच कमी.

आता या दोन पद्धतींचा आलेख काढला तर आर सहज ०.९९ येईल. नवं मशीन विकायला येणारे हाच आकडा पुढे करतात आणि आपण मान डोलावतो. मला याची खरंच काळजी वाटते. आर म्हणजे सहसंबंध. ठिपके एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत, एवढंच तो सांगतो. जुन्या मशीनवर ०.७, १.१, ४.८ आणि नव्यावर ०.९, १.३, ५.० आले, तर आर बरोब्बर १! आणि जुळला एकही आकडा नाही. नव्या मशीनने सगळे आकडे दुप्पट दिले असते, तरी आर १च राहिला असता.

शिवाय आर फुगवणं सोपं आहे. ओपीडीच्या ०.८-०.९च्या नमुन्यांत डायलिसिसवाल्यांचे ८-१०चे चारपाच नमुने घाला, तो आपोआप चढतो. मशीन तेच, चुका त्याच.

आपल्याला हवा असतो मेळ. त्यासाठी ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेली रीत साधी आहे: प्रत्येक नमुन्याच्या दोन आकड्यांतला फरक काढा आणि तो त्या दोन्हींच्या सरासरीसमोर मांडा. फरकांची सरासरी म्हणजे बायस. तिच्या वर-खाली प्रमाण विचलनाच्या (फरक सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) १.९६ पट गेलं की सुमारे ९५ टक्के फरक त्या पट्ट्यात बसतात. बायस ०.२ आणि विचलन ०.१ असेल, तर पट्टा साधारण ० ते ०.४. क्रिएटिनिन ६ असताना ०.४ कदाचित चालून जाईल, ०.९ असताना मुळीच नाही. किती चालेल हे आलेख काढण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

काकांना म्हटलं, पुढची तपासणी कोथरूडलाच करा आणि तो आकडा पहिल्या १.१शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.