१८ <= वय <= ६० : गणितात बरोबर, जावास्क्रिप्टमध्ये चूक

वय अठरा ते साठ या मर्यादेत आहे, हे गणितात १८ <= वय <= ६० असे लिहितात आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हीच अट जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिली, तर प्रोग्राम बिनतक्रार चालतो. मात्र वय ७५ असो वा ५, उत्तर 'खरे' असेच येते.

शाळेत पाठ केलेला 'कंचेभागुबेव' हा नियम प्रोग्रामिंगच्या भाषांतही असतो, फक्त त्याची यादी बरीच लांब असते. तुलनेची चिन्हे बेरीज-वजाबाकीनंतर येतात, म्हणून अ + १ < ब या ओळीला कंस लागत नाहीत. आणि एकाच दर्जाची दोन तुलनाचिन्हे शेजारी आली, की डावीकडचे आधी सोडवले जाते. त्यामुळे वय ७५ असताना प्रथम १८ <= ७५ ही तुलना होऊन 'खरे' हे उत्तर मिळते, आणि मग साठशी तुलना होते ती वयाची नव्हे, तर या उत्तराची. जावास्क्रिप्ट तेथे 'खरे' म्हणजे १ आणि 'खोटे' म्हणजे ० धरते, आणि हे दोन्ही अंक साठहून लहानच आहेत. ३ > २ > १ हे विधान तेथे खोटे ठरते, तेही याच कारणाने.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन या भाषेने गणिताची रीत पाळली: तेथे वरच्या अटीचा अर्थ '१८ <= वय आणि वय <= ६०' असाच होतो. मला ही निवड योग्य वाटते, पण तिलाही एक काटा आहे. ३ > २ == ट्रू (== म्हणजे 'समान आहे का', ट्रू म्हणजे 'खरे') ही ओळ पायथन '३ > २ आणि २ == ट्रू' अशी वाचतो आणि उत्तर 'खोटे' देतो; जावास्क्रिप्टमध्ये तीच ओळ खरी ठरते.

सर्वांत फसवी चूक बिटांच्या, म्हणजे संख्येच्या द्विमान रूपातील ० वा १ या अंकांच्या, तपासणीत होते. समजा, 'अधिकार' या संख्येतील ४ किमतीचा बिट चालू आहे का, हे पाहण्यासाठी कोणी अधिकार & ४ == ४ असे लिहिले. येथे & हे चिन्ह दोन्ही संख्यांत चालू (म्हणजे १) असलेले बिट तेवढे ठेवते. जावास्क्रिप्ट आधी ४ == ४ सोडवते, त्याचे १ होते आणि तपासला जातो तो भलताच, सर्वांत उजवीकडचा बिट. अधिकार ६ असेल, तर हवा तो बिट चालू असूनही उत्तर ० येते. ५ असेल, तर योगायोगाने बरोबर येते, आणि म्हणूनच एखाददुसऱ्या चाचणीत ही चूक सापडत नाही. (अधिकार & ४) == ४ असा कंस येथे घालावाच लागतो.

हा क्रम १९९५ च्या जावास्क्रिप्टकडे सी भाषेतून आला. सीची पूर्वज असलेल्या बी भाषेत 'आणि' या अर्थानेही & हेच चिन्ह वापरत, त्यामुळे ते तुलनेनंतर सोडवले जाणे तेव्हा सोयीचेच होते. पुढे सीमध्ये त्या कामासाठी && हे वेगळे चिन्ह आले, पण & मात्र यादीत जुन्याच जागी राहिले. पायथनने ते तुलनेच्या वर नेले, म्हणून तेथे ६ & ४ == ४ हे कंसावाचूनही खरे येते.