पापण्या मिटल्या म्हणजे विष मेंदूत चढलं?

करवीर-पन्हाळ्याच्या ऊसपट्ट्यात अजूनही म्हणतात, नाग चावल्यावर डोळे मिटले की विष मेंदूत चढलं, झोपू देऊ नका. हे चुकीचं आहे. नागाच्या विषातले लुळेपणा आणणारे रेणू मेंदूत फारसे शिरतच नाहीत. ते चेतातंतू आणि स्नायू जुळतात तिथं, अ‍ॅसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाला टिपणाऱ्या ग्राहींवर जाऊन बसतात. कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं. निरोप येतो, स्नायू हलत नाही. आधी पापण्या, मग गिळणं, शेवटी श्वास. माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो. त्याच्या उशाशी ‘गेला’ म्हणू नका! थोबाडीत मारण्यात, कडुलिंबाचा पाला चघळवण्यात वेळ जातो. थेट कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय गाठा. वेळेवर प्रतिविष आणि श्वासाला यंत्राचा आधार मिळाला, तर असा माणूस वाचतो.