लिनक्स डेस्कटॉपवरील ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोषनिदान

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात पडदा काळा राहणे, चित्र लुकलुकणे, कमी रिझोल्यूशनवर अडकणे, जोडलेला मॉनिटर ओळखला न जाणे किंवा चालता चालता चित्र गोठणे, अशा बिघाडांचे मूळ शोधून ते दूर करण्याची रीत. हे सगळे बिघाड ‘ड्रायव्हर गेला’ एवढ्याच शब्दांत सांगितले जातात. प्रत्यक्षात ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे एकावर एक रचलेल्या अनेक भागांचा संच असतो. त्यांतला कोणता भाग अडला हे कळले, तर दुरुस्ती बहुतेक वेळा एखाद्या ओळीची निघते. ते न कळता नवी आवृत्ती घालणे, जुनी काढणे, संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवणे हे उपाय सुरू झाले, की मूळ दोष झाकला जातो आणि त्यावर नवे दोष साचतात. म्हणून ‘काय बदलावे’ याआधी ‘चित्र कुठपर्यंत येत होते’ हे विचारायचे असते.

रचना

सर्वांत खाली कर्नलमधला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, भाग असतो. तो डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर ऊर्फ डीआरएम या उपप्रणालीत मोडतो आणि कार्डाशी थेट व्यवहार करतो. इंटेलसाठी प्रामुख्याने आय९१५, एएमडीच्या नव्या कार्डांसाठी एएमडीजीपीयू आणि एनव्हिडियासाठी नूव्हो किंवा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर अशी ही मॉड्यूल्स, म्हणजे कर्नलला जोडले जाणारे भाग, आहेत. त्यांच्यासोबत कार्डात चढवायचे फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारी आज्ञावली, वेगळ्या फाइलींत येते. वरच्या थरात मेसा हे सॉफ्टवेअर ग्रंथालय (लायब्ररी) असते. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पातून ओपनजीएल आणि व्हल्कन या चित्र काढून घेण्याच्या मानकांची अंमलबजावणी होते. त्याहून वर खिडक्या पडद्यावर मांडणारा डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे एक्स सर्व्हर किंवा वेलँडचा कंपोझिटर, असतो. एक्स ११ हा प्रोटोकॉल १९८७ चा, तर वेलँडचे काम क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केले.

पडद्याचे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश दर ठरवण्याचे काम पूर्वी एक्स सर्व्हर करत असे. लिनक्स २.६.२९ (२००९) मध्ये इंटेलच्या कार्डांपुरते ते कर्नलकडे आले, पुढे इतरांसाठीही. त्याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. या बदलामुळे एक्स कोसळला तरी मजकुराचा कन्सोल शाबूत राहू लागला. दुसरा परिणाम असा, की कर्नलमधला भाग चुकला तर पडदा लॉगिनच्या कितीतरी आधीच काळा होतो. काळ्या पडद्याची वेळ महत्त्वाची ठरते ती यामुळेच.

चित्र कधी गेले

संगणक सुरू होताना निर्मात्याचे चिन्हही दिसत नसेल, तर लिनक्सकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. केबल, मॉनिटरवर निवडलेला इनपुट किंवा कार्ड तपासावे. वेगळे कार्ड बसवलेल्या संगणकात केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असणे ही चूक वाटते त्यापेक्षा पुष्कळच आढळते.

बूट मेनू दिसतो आणि त्यानंतर पडदा काळा होतो, तेव्हा संशय कर्नल मोड सेटिंगवर येतो. मेनूतील नोंद तात्पुरती बदलून कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला, की कर्नल कार्डाचा पूर्ण ड्रायव्हर वापरत नाही आणि मदरबोर्डच्या फर्मवेअरने उभ्या करून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर (चित्र साठवणाऱ्या मेमरीच्या भागावर) चित्र काढतो. चित्र आले तर दोष कर्नलमधल्या भागात आहे, हे जवळपास पक्के होते. मात्र ही फक्त चाचणी आहे. हा शब्द कायमचा ठेवून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. त्याने हार्डवेअर प्रवेग (कार्डाकडून चित्रे वेगाने काढून घेण्याची सोय) जातो, बहुधा दुसरा मॉनिटर चालत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो.

सुरुवातीच्या ओळी सरकत गेल्या पण लॉगिनचा पडदा आला नाही, तर डिस्प्ले सर्व्हर किंवा लॉगिन दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर पाहावा. पासवर्ड दिल्यावर क्षणभर काळोख होऊन पुन्हा लॉगिनच येत असेल, तर ड्रायव्हर निर्दोष असण्याची शक्यता बरीच असते. डिस्क पूर्ण भरलेली असणे किंवा वापरकर्त्याच्या घर-फोल्डरातील एक्स-ऑथॉरिटी या परवानगीच्या फाइलीची मालकी चुकून रूट या प्रशासक खात्याकडे गेलेली असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. डेस्कटॉप उघडतो पण खिडकी हलवतानाही प्रोसेसरवर ताण येतो, असे असेल तर चित्रे कार्डाऐवजी प्रोसेसर काढत असतो. ‘जीएलएक्सइन्फो’ या आज्ञेच्या उत्तरात रेंडररच्या (चित्र काढणाऱ्याच्या) जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव दिसले की त्यावर शिक्कामोर्तब होते.

पुरावा गोळा करणे

पडदा काळा असला तरी प्रणाली अनेकदा जिवंत असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुराचा कन्सोल मिळतो का ते पाहावे. तो न मिळाल्यास दुसऱ्या संगणकावरून एसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या सेवेने आत जाता येते, अर्थात ती सेवा आधी चालू करून ठेवलेली असेल तर. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ पर्यायासह दिली की प्रत्येक कार्डापुढे सध्या कोणते मॉड्यूल ते वापरत आहे, हे दिसते. ती ओळच नसेल, तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेलाच नाही आणि वरच्या थरांत शोधाशोध करणे व्यर्थ आहे. कर्नलचे संदेश ‘डीमेसेज’मध्ये मिळतात. संगणक सक्तीने पुन्हा सुरू करावा लागला असल्यास ‘जर्नलसीटीएल’ला मागच्या बूटची नोंद मागावी, कारण उत्तर बहुधा तिथेच असते. एक्सच्या लॉगमध्ये कंसातील दोन ‘ई’ चूक दाखवतात आणि दोन ‘डब्ल्यू’ इशारा दाखवतात. पहिली चूक वाचावी. तिच्या खालच्या चुका बहुधा तिच्याच परिणाम असतात.

एनव्हिडियाची कार्डे

तक्रारींचा मोठा वाटा याच कार्डांचा असतो आणि त्याला इतिहास आहे. कंपनीचा ड्रायव्हर दीर्घकाळ बंदिस्त राहिला. मुक्त पर्याय असलेला नूव्हो हार्डवेअरचे वर्तन बाहेरून तपासून लिहावा लागला. २०१४ च्या दुसऱ्या पिढीतील मॅक्सवेल कार्डांपासून कंपनीची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर आवश्यक झाले. त्यामुळे नूव्होला कार्डाचा वेग वाढवता येईना आणि ताकदवान कार्डेही संथ चालू लागली. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी कर्नल मॉड्यूल्सचा स्रोत खुला केला. वापरकर्त्याच्या बाजूची ग्रंथालये मात्र बंदिस्तच राहिली.

नूव्हो आणि कंपनीचे मॉड्यूल एकाच कार्डाचा ताबा एकाच वेळी घेऊ शकत नाहीत. म्हणून मॉड्यूल चढवणाऱ्या मोडप्रोबच्या फाइलीत नूव्होला काळ्या यादीत टाकावे लागते आणि त्यानंतर इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी प्रतिमा, नव्याने बांधावे लागते. ही दुसरी पायरी विसरली तर जुनी प्रतिमा नूव्होला आधीच चढवते आणि केलेला बदल निष्फळ वाटतो.

कर्नल अद्ययावत झाल्यावर दुसऱ्या दिवशी पडदा काळा, हा दुसरा ठरलेला प्रसंग. बाहेरचे मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी वेगळे बांधावे लागते. ते काम डीकेएमएस ही स्वयंचलित यंत्रणा करते, पण त्या कर्नलची हेडर पॅकेजे (बांधणीला लागणाऱ्या फाइली) बसवलेली नसतील तर बांधणी फसते आणि ते अपयश सहसा लक्षात येत नाही. बूट मेनूतून जुना कर्नल निवडला आणि सर्व ठीक चालले, तर निदान झालेच. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. अशा वेळी ‘मोकयुटिल’ या आज्ञेने स्वतःची किल्ली नोंदवावी लागते आणि पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर तिला मान्यता द्यावी लागते. तो पडदा घाईने वगळला जातो, हे मॉड्यूल न चढण्याचे फार मोठे कारण आहे.

पॅकेज अद्ययावत झाले आणि संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर कर्नलमधले मॉड्यूल जुने आणि ग्रंथालय नवे अशी स्थिती येते. आवृत्त्या जुळत नसल्याचा संदेश मिळतो आणि रीबूट केल्यावर तो जातो. कंपनीच्या संकेतस्थळावरील स्वयंचलित इन्स्टॉलर आणि डिस्ट्रोची (वापरात असलेल्या लिनक्स वितरणाची) पॅकेजे यांची सरमिसळ मात्र सहज निस्तरत नाही. दोन्ही एकमेकांच्या फाइली पुसतात. डिस्ट्रोचीच पॅकेजे वापरावीत, हा या विषयातला सर्वांत मोलाचा सल्ला आहे.

वेलँडवर जुन्या अनुप्रयोगांच्या खिडक्या लुकलुकण्याचा त्रास वर्षानुवर्षे होता. कार्डाचे काम पूर्ण होण्याआधीच चित्र पडद्यावर जात असे. २०२४ मध्ये स्पष्ट समक्रमणाचा प्रोटोकॉल आला, कंपनीच्या ५५५ मालिकेने तो स्वीकारला आणि हा दोष मोठ्या प्रमाणात मिटला.

इंटेल आणि एएमडी

यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्याने काही बसवावे लागत नाही. नवे कार्ड आणि जुना कर्नल ही जोडी जमत नाही, एवढे लक्षात ठेवावे. फर्मवेअर चढवता न आल्याचा संदेश दिसला, तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज नवे करावे. अंगभूत पडदा असलेल्या यंत्रांत स्थिर चित्र अधूनमधून थरथरत असेल, तर पडद्याला स्वतःच चित्र टिकवू देणारी वीजबचतीची सोय बंद करून पाहावी. आय९१५साठी ही सोय, म्हणजे पीएसआर, शून्य करण्याचा पर्याय कर्नलच्या ओळीत देता येतो.

मॉनिटर आणि केबल

प्रत्येक मॉनिटर आपली ओळख ईडीआयडी या माहितीगठ्ठ्यातून सांगतो. त्याचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो आणि सर्व बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागल्यावर बाकी शून्य यावी लागते. स्वस्त रूपांतरक किंवा अनेक संगणकांत मॉनिटर वाटून देणारे स्विच हा गठ्ठा अडवतात वा बिघडवतात. मग प्रणाली १०२४ × ७६८ सारख्या सुरक्षित रिझोल्यूशनवर उतरते आणि दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. मधली सगळी उपकरणे काढून थेट केबल लावणे ही पहिली चाचणी. ईडीआयडी खरोखरच खराब असेल, तर दुरुस्त फाइल कर्नलला बूटच्या वेळी देता येते.

एचडीएमआय १.४ वरून ४के चित्र ३० हर्ट्‌झपर्यंतच मिळते, ६० हर्ट्‌झला २.० लागते. एएमडीने एचडीएमआय २.१ साठी तयार केलेला मुक्तस्रोत ड्रायव्हर एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला. त्या कार्डांवर उच्च रिफ्रेश दर हवा असेल, तर डिस्प्लेपोर्ट हा सुरळीत मार्ग राहिला.

गोठणे आणि तक्रार नोंदवणे

चालू कामात चित्र गोठल्यावर इंटेलच्या नोंदीत जीपीयू हँग, एएमडीच्या नोंदीत रिंग टाइमआउट आणि एनव्हिडियाच्या नोंदीत एक्सआयडी क्रमांक सापडतो. एक्सआयडी ७९ म्हणजे कार्ड बसवरून, म्हणजे मदरबोर्डशी असलेल्या जोडणीवरून, नाहीसे झाले. अशा वेळी वीजपुरवठा, तापमान आणि कार्डाची खाच आधी पाहावी. मॅजिक सिसआरक्यू, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देणारी कळींची सोय, चालू ठेवलेली असल्यास ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे क्रमाने, थोडे थांबत दाबली, की डिस्कवरील माहिती सांभाळून यंत्र पुन्हा सुरू होते.

जुन्या कर्नलवर न दिसणारा दोष नव्यावर येत असेल, तर तो विकासकांपर्यंत पोहोचवायलाच हवा. कर्नल, मेसा आणि कार्ड यांची नेमकी ओळख आणि बिघाडाच्या बूटची पूर्ण नोंद द्यावी. शक्य असेल त्याने गिट बायसेक्ट वापरावे. चांगल्या आणि वाईट आवृत्तीमधला पट्टा दर वेळी निम्मा करत गेल्याने हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो, आणि तो हाती असला की विकासकाला तेच कार्ड जवळ नसतानाही दुरुस्ती लिहिता येते.