ताक तेवढंच, ग्लास उंच

एस. वाय.ला विकासाचं मानसशास्त्र शिकवते. उत्तरपत्रिकांमध्ये दरवर्षी एक वाक्य हमखास भेटतं: ‘सात वर्षांनंतर मुलाला कॉन्झर्वेशन समजते,’ म्हणजे आकार किंवा मांडणी बदलली तरी प्रमाण तेवढंच राहतं, हे. जणू सातव्या वाढदिवसाला केकबरोबर तेही वाटतात! म्हणून यंदा सांगितलं, ही कल्पना मांडणारा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे नुसता पाठ करू नका, घरी ताक ओतून बघा.

काचेचे दोन सारखे पेले, दोन्हींत सारखं ताक. ‘सारखंच आहे ना?’ मूल हो म्हणतं. मग एका पेल्यातलं ताक त्याच्यासमोर उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि पुन्हा तोच प्रश्न. एका विद्यार्थिनीने सहकारनगरातल्या शेजारच्या साडेचार वर्षांच्या मुलीचा व्हिडिओ आणला. मुलीचं बोट थेट उंच ग्लासावर. ‘ह्याच्यात जास्त!’ पियाजे म्हणेल, या वयात लक्ष एकाच मितीला चिकटतं. उंची दिसते, रुंदी निसटते. ओतलेलं परत ओतता येईल, हेही मनात उलगडत नाही.

इथवर पुस्तकाबरहुकूम. ताक परत पेल्यात गेलं, तेवढ्यात आजी आल्या. ‘अगं, ह्याचा टवका उडालाय, ओठ कापेल,’ म्हणत त्यांनीच ते उंच ग्लासात ओतलं. आता? ‘सेमच आहे की!’

गंमत प्रश्नात आहे. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मुलाला वाटतं, काहीतरी बदललं असणार. व्हायव्हात ‘नक्की?’ विचारलं की माझे विद्यार्थीही उत्तर फिरवतात. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ४ ते ६ वर्षांच्या मुलांपुढे सारख्याच सोंगट्यांच्या दोन ओळी मांडल्या. संशोधकाने ओळ पसरली तेव्हा सुमारे १६ टक्के मुलं बरोबर. ‘खट्याळ टेडी’ने, म्हणजे खेळण्यातल्या अस्वलाने, जणू चुकून विस्कटली तेव्हा सुमारे ६३ टक्के.

पण इथेही मेख आहे. पुढे इतरांनी टेडीला सोंगट्यांची संख्याच बदलायला लावली, तेव्हा मुलं उलट जास्त चुकली. म्हणजे टेडीमुळे समज उघडी पडते, की लक्षच उडतं? वर्गात यावर तास संपला.

आणि बाहेर रस्त्यावर फ्लेक्स: बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता ओळखा. ठसे आईच्या पोटातच पक्के होतात. इथे एका मुलीचं उत्तर दोन मिनिटांत बदललं, तेही आजीमुळे.

व्हिडिओच्या शेवटी ‘सेम’ म्हणालेल्या त्या मुलीने प्यायला उचलला, तो उंच ग्लासच.